अंड्याचा हिशेब आणि कोंबडीची हाडे



वसंतातल्या या व्यासपीठावर आपण उपनिषदांवर ऐकता, शिवकालावर ऐकता, अर्थकारणावर ऐकता. तेथे आज मी कोंबडीच्या हाडांविषयी बोलायला उभा आहे. काहींना हसू येईल, आणि ते साहजिकच आहे. पण इतिहास केवळ राजांचा आणि लढायांचा असतो असे नाही. ज्या मुक्या जीवांच्या जोरावर माणसाने आपले पोट भरले, त्यांचाही एक इतिहास असतो. तो कागदावर उतरत नाही. त्यांच्या हाडांत उतरतो. तेवढा वाचण्याचा आज प्रयत्न करू.

सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. लोभी मालकाने तिचे पोट फाडले आणि त्याच्या हाती काहीच लागले नाही. तात्पर्य, अती लोभ करू नये. पण त्या मालकाच्या मनात आलेला प्रश्न मात्र अगदीच मूर्खपणाचा नव्हता. रोज एवढे धन बाहेर येते, ते येते कोठून? गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न साध्या अंड्याविषयी विचारला. उत्तर असे मिळाले की अंड्याच्या कवचाचा मोठा भाग दाण्यातून येतो हे खरे. पण दाणा कमी पडतो त्या वेळी कोंबडी आपल्या हाडांत हात घालते.

या विषयात 'ताण' हा शब्द वारंवार येणार आहे, म्हणून त्याचा आधी उलगडा करू. दोरीला ताण पडतो, तसा मनालाही पडतो. आपल्या भाषेत दोहोंना शब्द एकच. हाडांच्या बाबतीत मात्र हे दोन ताण एकमेकांचे वैरी आहेत. चालणे, उडणे, फांदीवर चढणे यांतून जो ताण पडतो तो हाडाला घडवतो. भीतीतून, कोंडमाऱ्यातून आणि शरीराच्या अखंड ओढाताणीतून जो ताण येतो तो हाडाला झिजवतो. विसाव्या शतकात माणसाने कोंबडीचा पहिला ताण काढून घेतला आणि दुसरा तिच्यावर लादला. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. आता ते घडले कसे ते पाहू.

आरंभ डार्विनपासून करावा लागतो. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात त्याने एक बारीकशी नोंद केली आहे. त्याने पाळीव बदक आणि रानबदक यांची हाडे तोलून पाहिली. एकंदर सांगाड्याच्या प्रमाणात पाळीव बदकाच्या पंखांची हाडे हलकी भरली आणि पायांची हाडे जड. कारण उघड आहे, असे तो म्हणतो: पाळीव बदक उडते कमी आणि चालते जास्त. पुढे १८९२ साली बर्लिनचा शल्यवैद्य युलिउस वोल्फ याने माणसाच्या हाडांच्या अभ्यासावरून हाच विचार नियम म्हणून मांडला. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलते. हाड म्हणजे घराच्या भिंतीतला दगड नव्हे. ते जिवंत आहे, रोज मोडते आणि रोज बांधले जाते. भार नाहीसा झाला की बांधणारे गवंडी काम सोडून जातात. अंतराळात महिनोन्‌महिने तरंगणाऱ्या प्रवाशांची हाडे झिजतात, ती याच कारणाने.

आता आपल्या परसातली कोंबडी आठवा. माझ्या आजोळी दहाबारा कोंबड्या होत्या. रात्री त्यांना डालग्याखाली झाकायचे, सकाळी सोडायचे. मग दिवसभर उकिरडा उकरणे, कुंपणावर झेप घेणे, कुत्रा दिसला की पंख फडफडवत पेंढ्याच्या गंजीवर जाऊन बसणे. संध्याकाळी एखादी हट्टी तलंग आंब्याच्या फांदीवर जाऊन बसली की तिला उतरवताना आजीचा जीव मेटाकुटीला येई. त्या कोंबड्या अंडी देत, पण बेताने. दहापंधरा झाली की खुडूक होऊन बसत, आणि एकदा खुडूक झाली की कितीही हुसकले तरी कोंबडी जागची हालत नसे. आजी वैतागे. तो खुडूक होण्याचा काळ म्हणजे हाडांची झालेली झीज भरून काढण्याची सवड होती, हे आजीला कोण सांगणार? ते तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते.

कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला आणि आपल्या उत्तर व पूर्व भारतातला तांबडा रानकोंबडा. त्याची मादी वर्षाकाठी साधारण दहा ते पंधरा अंडी घालते. आजच्या व्यापारी जातीची कोंबडी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते. हा पल्ला निसर्गाने गाठलेला नाही. तो माणसाने, आणि त्यातला मोठा भाग गेल्या शंभर वर्षांत, निवडीने गाठला आहे. परंतु अधिक अंडी देणारी कोंबडी निर्माण करणे हे अर्धे काम झाले. तिला बारा महिने छपराखाली ठेवता आल्याखेरीज अंड्यांचा कारखाना उभा राहत नव्हता. आणि येथेच पहिली अडचण हाडांची आली.

१९२० च्या सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक हे संशोधक कोंबडीच्या पिलांचे पाय का लुळे पडतात याचा शोध घेत होते. घरात वाढवलेली पिले काही आठवड्यांत पायांतून जात. उन्हात सोडलेली मात्र ठणठणीत राहत. मुलांना होणाऱ्या मुडदूस रोगाचाच हा प्रकार होता. उन्हाने कातडीत तयार होणारे ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेला चुना हाडापर्यंत पोहोचत नाही. स्टीनबॉकने १९२४ साली अन्नावर अतिनील किरण टाकून हे जीवनसत्त्व निर्माण करण्याची युक्ती शोधली. कॉड माशाच्या तेलाचाही उपयोग होतच होता. या शोधाने असंख्य मुलांचे पाय सरळ राहिले, हे त्याचे मोठे पुण्य. पण त्याच शोधाने कोंबडीला सूर्यापासून कायमचे तोडणे शक्य केले. डेलावेअर राज्यात १९२३ साली सेसिल स्टील या बाईंनी पन्नास पिले मागवली आणि चुकून पाचशे आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली. अमेरिकेतल्या मोठ्या कुक्कुटधंद्याचा उगम तेथे मानतात. पुढच्या दोन दशकांत अंड्यांसाठी तारेचे पिंजरे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत त्यांचे मजल्यावर मजले चढले.

पिंजऱ्यात फायदे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विष्ठा खाली पडे, त्यामुळे जंतांचा आणि रोगांचा प्रादुर्भाव कमी झाला. अंडी स्वच्छ मिळत, मजुरी वाचे, अंडे स्वस्त झाले. ज्या घरात महिन्यातून एकदा अंडे येई तेथे ते रोज येऊ लागले. हे काही लहान काम नव्हे.

आता कवचाचा हिशेब मांडू. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून असते सुमारे वीस ग्रॅम. म्हणजे दहा अंड्यांत ती आपल्या सांगाड्याइतके कॅल्शियम बाहेर टाकते, आणि वर्षाच्या तीनशे अंड्यांत तीस सांगाड्यांइतके. हे सारे दाण्यातून आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून भरून यावे अशी अपेक्षा असते. पण कवच तयार व्हायला वीसएक तास लागतात आणि त्याचे बरेचसे काम रात्री चालते. त्या वेळी कोंबडी झोपलेली, पोटातला चारा सरलेला. मग उसनवारी कोठून?

याचे उत्तर १९३४ साली मिळाले. शिकागो विद्यापीठातील काइझ आणि पॉटर यांना कबुतरांच्या माद्यांमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. अंडी घालण्याच्या काळात त्यांच्या लांब हाडांच्या पोकळीत हाडाचाच एक नाजूक जाळीदार भराव तयार होत होता. नरात तो नव्हता. याला मज्जास्थी म्हणू. स्त्रीसंप्रेरकाच्या प्रभावाने तो तयार होतो, आणि तो पक्षिणीच्या चुन्याचे कोठार असतो. रात्री कवचासाठी त्यातून काढायचे आणि दिवसा खाऊन भरायचे, अशी ही निसर्गाची पेढी आहे. पण या पेढीचा एक जाचक नियम आहे. मादी अंड्यावर आली की हाड बांधणाऱ्या पेशी मज्जास्थीच्या कामाला लागतात आणि शरीर तोलून धरणारे खरे हाड बांधणे जवळजवळ थांबते. झिजवणाऱ्या पेशी मात्र दोन्हीकडे तोंड घालतात. अंडी थांबली की खरे हाड पुन्हा बांधले जाते. रानातल्या मादीला ही सवड मिळते; वर्षभर अंडी देणाऱ्या कोंबडीला ती मिळत नाही. खुडूक होण्याची तिची वृत्तीच निवडीने नाहीशी केलेली असते.

त्यामुळे जे व्हायचे ते झाले. १९५५ साली टेक्सासच्या काउच या संशोधकाने पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव पुढे 'पिंजऱ्यातील कोंबडीचा थकवा' असे रूढ झाले. भरपूर अंडी देणारी, दिसायला धडधाकट कोंबडी एके दिवशी उठत नाही. कुशीवर पडून राहते. दाणापाणी समोर असून तेथवर तिला पोहोचता येत नाही, आणि ती मरते. तपासावे तर हाडे कागदासारखी पातळ, पाठीचा मणका दबलेला. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही की अशी कोंबडी वेळीच पिंजऱ्याबाहेर काढून जमिनीवर ठेवली तर पुष्कळदा ती आपोआप उठून चालू लागे. मी मघाशी म्हटलेला पहिला ताण, म्हणजे घडवणारा ताण, तिला परत मिळालेला असे.

आता दुसऱ्या ताणाकडे वळू. १९३२ साली हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदुशल्यज्ञाने एका मानवी रोगाचे वर्णन केले. मेंदूखालच्या ग्रंथीवर बारीकशी गाठ होते, रोग्याचा चेहरा सुजतो आणि हाडे ठिसूळ होऊन मोडतात. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून एक रस प्रमाणाबाहेर पाझरल्याने हे होते, असे पुढे स्पष्ट झाले. १९३६ साली हान्स सेल्ये याने माँट्रियलमधून एक छोटेसे पत्र 'नेचर' नियतकालिकात छापले. उंदरांना थंडी, जखम, विष यांपैकी कोणताही त्रास द्या; शरीराचा प्रतिसाद एकच असतो आणि त्यात याच अधिवृक्क ग्रंथी सुजतात, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्याने यंत्रशास्त्रातला 'ताण' हा शब्द शरीरशास्त्रात रुजवला. १९६० साली युरिस्ट आणि डॉइच या संशोधकांनी अंडी देणाऱ्या कोंबडीच्या अस्थिविरलतेवर लेख लिहिले आणि या ग्रंथींना चेतवणाऱ्या संप्रेरकाचा पक्ष्यांच्या हाडांशी काय संबंध आहे तेही तपासले. म्हणजे तीन निरनिराळ्या वाटा कोंबडीच्या हाडापाशी येऊन मिळाल्या.

पक्ष्यांत या ताणरसाचे मुख्य रूप म्हणजे कॉर्टिकोस्टेरोन. संकट क्षणाचे असेल तर तो उपकारक असतो. पळायला बळ देतो. पण तो दिवसच्या दिवस वाढलेला राहिला तर हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून चुना कमी शोषला जातो, आणि वाढत्या पिलांची हाडे खुरटतात. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या हाडांची मुख्य झीज अखंड अंड्यांनी आणि हालचालीच्या अभावाने होते. गर्दी, उकाडा, एकमेकींना टोचणे, अचानक धरपकड यांचा ताण तिच्यात भर घालतो. त्याची एक खूण तर आपल्या घरापर्यंत येते. घाबरलेली कोंबडी तयार झालेले अंडे रोखून धरते, आणि थांबलेल्या अंड्यावर चुन्याचा आणखी एक थर चढतो. तपकिरी अंड्यावर पांढरी भुकटी बसल्यासारखी दिसते ती पुष्कळदा अशी. काल रात्री खुराड्यात काहीतरी भयंकर घडले, याची ती चिठ्ठीच म्हणा ना!

हे ज्ञान नियतकालिकांत पडून राहिले असते. ते लोकांपुढे आणले एका सामान्य नागरिक स्त्रीने. इंग्लंडच्या रूथ हॅरिसन यांनी १९६४ साली 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक लिहिले आणि कोंबड्यांचे पिंजरे प्रथमच घराघरांत चर्चेला आले. लोकक्षोभ एवढा झाला की सरकारने ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६५ साली आला. प्राण्याला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय पसरता आले पाहिजेत, एवढेच तिचे मागणे होते. यातली प्रत्येक गोष्ट हाडाला लागणारी हालचाल आहे, हे आपल्या ध्यानात येईल. तरी पिंजरे आणखी कित्येक वर्षे टिकले. १९८९ साली ग्रेगरी आणि विल्किन्स यांनी ब्रिटनमधील पिंजऱ्यातल्या, अंडी संपलेल्या कोंबड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. कत्तलखान्यात बेशुद्ध करण्याच्या जागी पोहोचेपर्यंतच शंभरांतील सुमारे २९ कोंबड्यांचे एक तरी हाड मोडलेले होते. पायाला धरून पिंजऱ्यातून ओढतानाच पुष्कळांची हाडे मोडत होती. मोकळ्या जागेत दांड्यांवर चढउतार करणाऱ्या कोंबड्यांच्या तुलनेत पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या पंखाच्या हाडाची ताकद निम्म्याच्या आसपास भरते, हेही त्याच सुमारास मोजले गेले.

स्वित्झर्लंडने सर्वांआधी पाऊल उचलले. १९८१ साली अमलात आलेल्या कायद्याने दहा वर्षांची मुदत देऊन तेथले पिंजरे बंद केले. युरोपीय संघाने १९९९ साली निर्णय घेतला आणि १ जानेवारी २०१२ पासून जुन्या तऱ्हेचे उघडे पिंजरे बेकायदा ठरवले. आता गोष्ट सुखान्त झाली असे कोणालाही वाटेल. पण इतिहास इतका सरळ चालत नाही.

मोकळ्या केलेल्या कोंबड्यांच्या पंखांची आणि पायांची हाडे खरोखरच मजबूत झाली. मात्र त्यांच्या छातीवरचे, होडीच्या तळासारखे जे हाड असते ते मोठ्या प्रमाणावर मोडू लागले. कित्येक कळपांत निम्म्याहून अधिक कोंबड्यांचे हे हाड मोडलेले आढळते. उंच दांड्यांवरून उतरताना त्या आपटतात, हे एक कारण. पण पिंजऱ्यातही ते मोडतेच, म्हणजे केवळ आपटणे हे कारण नव्हे. दार उघडले तरी आतला हिशेब तोच राहिला होता: तीच जात, तीच तीनशे अंडी, तेच रिकामे होणारे कोठार. म्हणून आज काही संशोधक जास्त भक्कम हाडांच्या कोंबड्या निवडण्याच्या मागे आहेत, कोणी पहिले अंडे उशिरा यावे असे म्हणतात, तर कोणी चढायला उतरणीच्या फळ्या लावून पाहतात.

या मोडलेल्या हाडाचे दुखते का? मुका जीव सांगणार कसा? ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक साधी युक्ती केली. छातीचे हाड मोडलेल्या आणि न मोडलेल्या कोंबड्यांना वेगवेगळ्या जागी वेदनाशामक औषध दिले आणि मग त्यांना जागा निवडू दिली. मोडलेल्या कोंबड्यांनी औषध मिळालेली जागा पसंत केली. धडधाकट कोंबड्यांना तिचे काही वाटले नाही. आणि २०२० साली न्यूकॅसलच्या स्मल्डर्स यांच्या गटाने दाखवले की अशा कोंबड्यांच्या मेंदूतील एका भागात नव्या पेशी कमी तयार होतात. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या जीवात दिसते तशीच ही खूण आहे. म्हणजे चक्र पुरे झाले. ताणाने हाड झिजते, आणि मोडलेले हाड पुन्हा ताण निर्माण करते.

श्रोतेहो, हे सारे परदेशातले झाले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या देशाने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतर आपल्याकडेही पिंजऱ्यांचे कुक्कुटपालन फोफावले. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, शेतकऱ्याला भाव मिळू लागला, आणि रोज अंडे खाण्याचा संदेश घरोघर गेला. २०२३-२४ या वर्षात देशात १४ हजार कोटींहून अधिक अंडी झाली. कुपोषित मुलाच्या ताटात अंडे पडते तेव्हा त्याला नाक मुरडण्याचा अधिकार माझ्यासारख्या भरल्यापोटी बोलणाऱ्याला नाही. पण २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या निवाऱ्याचा आणि वाहतुकीचा प्रश्न सरकारपुढे मांडला, आणि १९६० सालचे ते वाक्य आपल्याला नव्याने वाचायला लावले.

मी येथे अंडी सोडा असे सांगायला उभा राहिलेलो नाही. मी स्वतः खातो. मला एवढेच म्हणायचे आहे की स्वस्त अंड्याच्या किमतीतला एक भाग आपण देत नाही. तो दुसरे कोणीतरी आपल्या हाडांतून देत असते. ही बाकी फेडण्याचे मार्ग आता ठाऊक आहेत: चालायला आणि चढायला जागा, पकडताना एका पायाला धरून न ओढता दोन हातांनी उचलणे, निवड करताना अंड्यांबरोबर हाडांचाही विचार, आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मोजण्याची ग्राहकाची तयारी. शंभर वर्षांपूर्वी हे कोणाला माहीत नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आपल्याला ती सबब उरलेली नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपली म्हण सांगते. झाकलेल्या कोंबडीबद्दलही तेच खरे आहे. तिची हाडे शास्त्राने उजेडात आणून ठेवली आहेत. ती पाहायची की डालगे पुन्हा घालायचे, हे आपल्या हाती आहे.